रान्मा, लम आणि शंभर व्होल्ट

जुन्या जपानी कन्सोलवरच्या, प्रेम आणि विनोदाच्या अ‍ॅनिमेवर बेतलेल्या गेम्सविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. अपेक्षेप्रमाणे निम्म्याहून अधिक पत्रं चित्रकथाकार रुमिको ताकाहाशींच्या ‘रान्मा’, ‘उरुसेई यात्सुरा’ (लम ही याचीच नायिका) आणि ‘मेझों इक्कोकू’ यांच्याभोवती फिरतात. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

‘रान्मा’ आणि ‘उरुसेई यात्सुरा’ दोन्ही मालिका पाहिल्या आहेत. जपानी अजिबात वाचता येत नाही. कुठल्या गेमपासून सुरुवात करावी? कुठला टाळावा?
— एक वाचक, नाशिक

सुरुवात रान्माच्या मारामारीच्या गेमपासून करा. मूळ कथेतच कुंग-फू आहे, रुसवेफुगवे आहेत आणि थंड पाणी अंगावर पडलं की मुलगा मुलगी होतो. हे सगळं दोन खेळाडूंच्या लढतीत भाषेविना कळतं. सुपर फॅमिकॉमवर (निंटेंडोचा कन्सोल, अमेरिकेत ‘सुपर निंटेंडो’) या प्रकारचे तीन गेम आले: 1992च्या सुरुवातीला ‘चोनाई गेकितोहेन’, त्याच वर्षाच्या शेवटी ‘बाकुरेत्सु रान्तोहेन’ आणि 1994 मध्ये ‘चोगी रानबुहेन’. आमच्या मते पहिली खरेदी ‘बाकुरेत्सु रान्तोहेन’ची असावी. तोच गेम 1993 मध्ये अमेरिकेत ‘हार्ड बॅटल’ या नावाने इंग्रजीत निघाला, त्यामुळे प्रत्येक पात्राचे डाव, बटणांचे क्रम, सेटिंगची पानं हे सगळं इंग्रजीत वाचायला मिळतं आणि जपानी कार्ट्रिजवरही ते जसंच्या तसं उपयोगी पडतं.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. या गेममध्ये उडी बटणाने मारायची असते. ‘स्ट्रीट फायटर’ची सवय असलेले वाचक वरची दिशा दाबत बसतात, पात्र जमिनीवरच राहतं आणि कंट्रोलर बिघडला असा समज होतो. सेटिंगमध्ये जाऊन उडी दिशेच्या बटणावर घेता येते. पण बटणाची सवय लावून पाहा, थोड्याच लढतींत हात बसतो.

घरात गेम न खेळणारं कुणी असेल आणि त्याच्यासोबत खेळायचं असेल, तर 1995चा ‘ओगी जानकेन’ घ्या. दगड-कागद-कात्रीवर उभारलेला कोड्याचा गेम आहे. नियम एका मिनिटात समजतात आणि वाचायला काहीच लागत नाही.

टाळायचा म्हणाल तर ‘मेझों इक्कोकू’. गेम वाईट आहे म्हणून नव्हे. मायक्रोकॅबिनने 1986 मध्ये तो आधी घरगुती संगणकांसाठी काढला, 1988 मध्ये बोथटेकने फॅमिकॉम या निंटेंडोच्या आधीच्या कन्सोलवर आणला आणि 1989 मध्ये तो पीसी इंजिन या एनईसीच्या कन्सोलवर आला. पण तो सगळा आज्ञा निवडण्याचा आणि संवाद वाचण्याचा खेळ आहे. त्यात फॅमिकॉमवरचा मजकूर बहुतेक वेळा निव्वळ ‘काना’ या जपानी ध्वनिलिपीत असतो: कांजी (चिनी चित्राक्षरं) नाही आणि अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारी अ‍ॅप्स नेमकी इथे अडखळतात, कारण शब्द कुठे तुटतो हे त्यांना कळत नाही. जपानी शिकत असाल, तर मात्र हाच गेम सरावाला उत्तम.

मेनूपुरतं वाचता यावं म्हणून काताकाना, म्हणजे परदेशी शब्दांसाठीची काना लिपी, शिकून घ्या. मूळ अक्षरं 46 आहेत. मेनूतले ‘स्टार्ट’, ‘ऑप्शन’, ‘कंटिन्यू’ हे शब्द बहुधा त्याच लिपीत असतात. रोज थोडा वेळ दिला तर पंधरवड्यात ओळख होते.

भावाने ओसाकाहून सुपर फॅमिकॉम आणला आहे. अ‍ॅडॉप्टरवर शंभर व्होल्ट लिहिलंय. आपल्या सॉकेटमध्ये लावला तर चालेल का? नंतर सेगा सॅटर्नही घ्यायचा विचार आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

लावू नका. जपानची वीज 100 व्होल्टची, आपली 230ची. त्या काळच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असतो. दुपटीहून जास्त व्होल्टेज मिळालं की तो तापतो, आतली वायर जळते, आणि नशीब वाईट असेल तर जाता जाता कन्सोललाही नुकसान करतो.

सुपर फॅमिकॉमसाठी उपाय स्वस्त आहे. मूळ अ‍ॅडॉप्टर 10 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअर देतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात 9 व्होल्ट, 1 ते 1.5 अँपिअरचा रेग्युलेटेड अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो घ्या. त्याच अ‍ॅडॉप्टरवर मूळ फॅमिकॉमही चालतो. अडचण एकच: आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या पिनचा मधला भाग धन असतो. लावण्याआधी मल्टिमीटरची लाल सळई पिनच्या आत आणि काळी बाहेरच्या कड्याला लावा. आकड्यापुढे उणे चिन्ह दिसलं तर योग्य. नाही दिसलं, तर पिनजवळ वायर कापून दोन्ही तारा अदलाबदल करून डाग द्या, वर हीट-श्रिंक नळी चढवा आणि पुन्हा मोजा. उलटी वीज दिलीत तर सुपर फॅमिकॉमचा आतला फ्यूज उडतो. मूळ फॅमिकॉममध्ये याहून महाग नुकसान होतं.

12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात पडलाय, तो चालवू का, असं दोघांनी विचारलं आहे. कन्सोल चालू होईल, पण आतला रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णता करून टाकतो. 9 व्होल्टला 4 व्होल्ट जाळावे लागतात, 12ला 7. तासभर खेळल्यावर खालची बाजू चटका देईल इतकी तापते. नकोच. आणि एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी रूपाचा अ‍ॅडॉप्टर तर फॅमिकॉमजवळही नेऊ नका. तो 9 व्होल्टचाच असला तरी एसी देतो.

सॅटर्नची गोष्ट वेगळी. जपानी सॅटर्न, पहिला प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट यांचा वीजपुरवठा यंत्राच्या पोटातच असतो आणि तोही 100 व्होल्टचा. तिथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच लागतो. 100 व्हीए क्षमतेचा घेतला तर या तिन्हींपैकी कुठलाही निवांत चालतो. दुकानात मागताना ‘230 ते 100’ असं स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडे सर्रास मिळतात ते अमेरिकी उपकरणांसाठीचे 110 व्होल्टचे. प्रवासात हेअर ड्रायर चालवायला विकतात ते हलके कन्व्हर्टर मात्र अजिबात नकोत. ते विजेची लाट कापून सरासरी व्होल्टेज खाली आणतात, पण लाटेचं टोक उंचच राहतं आणि कन्सोलचा वीजपुरवठा त्या टोकावरच चालतो.

फॅमिकॉमवर लमचा गेम लावला. जुन्या टीव्हीवर चॅनल शोधूनही काही येत नाही. मित्राच्या सुपर फॅमिकॉमचं चित्र येतं, पण कृष्णधवल. दोष कशाचा?
— एक वाचक, सातारा

दोष कुठल्याच यंत्राचा नाही, पद्धती जुळत नाहीत.

आधी फॅमिकॉम. मूळ 1983च्या फॅमिकॉमला फक्त आरएफ आउटपुट आहे (चित्र आणि आवाज टीव्हीच्या अँटेनाच्या जागी, चॅनलसारखे जातात) आणि तो जपानी चॅनल 1 किंवा 2 वर सिग्नल सोडतो, म्हणजे 91.25 किंवा 97.25 मेगाहर्ट्‌झवर. आपल्या टीव्हीचा खालचा व्हीएचएफ पट्टा 68 मेगाहर्ट्‌झला संपतो आणि वरचा 174ला सुरू होतो. फॅमिकॉमचा सिग्नल मधल्या, आपल्याकडे एफएम रेडिओच्या जागेत पडतो. केबलचे चॅनल पकडणारा टीव्ही असेल तर कधीकधी चित्र सापडतं, पण आवाज येत नाही, कारण जपानी पद्धतीत आवाज चित्रापासून 4.5 मेगाहर्ट्‌झवर असतो आणि आपला टीव्ही तो 5.5वर शोधतो.

यातून सुटायचे दोन मार्ग. एक, चित्र आणि आवाज वेगळ्या तारांनी थेट देणारा 1993चा एव्ही फॅमिकॉम घ्या. त्याला सुपर फॅमिकॉमचीच एव्ही केबल लागते. दुसरा, जुन्यालाच एव्ही जोड करून घ्या. चित्राच्या चिपच्या 21 क्रमांकाच्या पिनवर काँपोझिट सिग्नल तयारच असतो, पण तो इतका अशक्त असतो की थेट टीव्हीला जोडला तर चित्र काळवंडतं. मध्ये एका ट्रान्झिस्टरचा बफर हवाच. ‘थेट वायर ओढून देतो’ म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याला नम्रपणे नाही म्हणा.

कृष्णधवल चित्राचं कारण रंगाची पद्धत. जपानी यंत्र एनटीएससी पद्धतीने रंग 3.58 मेगाहर्ट्‌झवर पाठवतं, आपला पाल पद्धतीचा टीव्ही तो 4.43वर शोधतो. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी 3.58’ करून पाहा. तो पर्यायच नसेल तर त्या टीव्हीवर रंग यायचा नाही. चित्र वर-खाली सरकत असेल, तर टीव्हीला सेकंदाला 60 चित्रं पेलत नाहीत.

नव्या एलसीडी टीव्हीवर रंग आपोआप येतो, पण तिथे वेगळीच पंचाईत होते. हे कन्सोल 240 ओळींचं सलग चित्र पाठवतात आणि बरेचसे टीव्ही त्याला 480 ओळींचं एकाआड एक चित्र समजून जोडायला जातात. त्यात वेळ जातो. मारामारीच्या गेममध्ये बटण दाबल्यावर पात्र उशिरा हलतं ते त्यामुळेच, आणि पायाखालच्या लुकलुकत्या सावल्या काही टीव्हींवर गायबच होतात. टीव्हीचा गेम मोड चालू करा. तरी त्रास असेल तर रेट्रोटिंकसारखा 240 ओळी ओळखणारा कन्व्हर्टर घ्या. सुरुवातीचा सुपर फॅमिकॉम एस-व्हिडिओही देतो. कन्व्हर्टरला ती केबल जोडली तर रंगांच्या कडा स्वच्छ दिसतात.

लहानपणीचा ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ अजून माळ्यावर आहे, पिवळ्या कॅसेटवाला. त्यात लमची जपानी कॅसेट बसेल का?
— एक वाचक, अकोला

बहुधा बसेल. आपल्याकडे नव्वदीत घराघरात होते ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांची खाच फॅमिकॉमसारखीच 60 पिनांची. जॅलेकोचा 1986चा ‘लम-नो-वेडिंग बेल’ साध्या सर्किटचा गेम आहे, कार्ट्रिजमध्ये बॅटरी नाही. तो अशा यंत्रावर चालण्यात अडचण नसावी. यंत्र पाल पद्धतीचं असेल तर ते सेकंदाला 60ऐवजी 50 चित्रं दाखवतं, त्यामुळे गेम आणि त्यातलं संगीत सुमारे 17 टक्के संथ होतं. खाच घट्ट असेल तर कॅसेट डावी-उजवीकडे हलवत ओढू नका, सरळ वर उचला.

हा गेम खरं तर जॅलेकोच्याच ‘मोमोको 120%’ या आर्केड गेमचा अवतार आहे. जळत्या इमारतीत मजल्यामागून मजला चढत जायचं आणि दर टप्प्याला नायिका वयाने मोठी होत जाते. पटकथेची अपेक्षा ठेवू नका. लम ओळखीची आहे, बाकी शुद्ध उड्यांचा खेळ.

न्यू जर्सीला राहते. इथल्या सुपर निंटेंडोमध्ये जपानी रान्माचं कार्ट्रिज आतच जात नाही. लंडनच्या भावाकडे आत जातं, पण पडदा काळा. असं का?
— एक वाचक, एडिसन

तुमच्याकडची अडचण प्लास्टिकची, भावाकडची चिपची.

अमेरिकी यंत्राच्या खाचेत मागच्या बाजूला दोन लहान प्लास्टिकचे खुंट आहेत. अमेरिकी कार्ट्रिजला त्यांच्यासाठी खोबणी असते, जपानीला नसते. आतली कुलूप-चिप (कार्ट्रिज त्याच प्रदेशाचं आहे का ते तपासणारी) मात्र दोन्हीकडे सारखीच. यंत्र बंद करून वायर काढा, टोकदार पक्कडीने एकेक खुंट बुडाशी धरून हळूहळू पिरगाळा, तुटून येतो. तुकडा आत पडला तर यंत्र उलटं करून झटका. पिनांवर बळ येऊ देऊ नका. तोडायची इच्छा नसेल तर मधे बसणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो.

ब्रिटनमधल्या यंत्राची खाच जपानी आकाराचीच असते, म्हणून कार्ट्रिज आत जातं, पण तिथली कुलूप-चिप वेगळी. त्यासाठी स्थानिक कार्ट्रिजची चिप उसनी घेणारा अ‍ॅडॉप्टर लागेल किंवा चिप बदलून घ्यावी लागेल.

याच वाचकाने ‘स्ट्रीट कॉम्बॅट’ हा अमेरिकी गेम रान्माचाच आहे का, असंही विचारलं आहे. हो, तो ‘चोनाई गेकितोहेन’च. 1993 मध्ये आयरेमने तो अमेरिकेत काढताना पात्रं पुसून नवी रंगवली आणि रान्माच्या जागी स्टीव्हन नावाचा चिलखती लढवय्या आणला. रान्मासाठी घेत असाल तर तो घेऊ नका.

‘आकानेको-दान तेकी हिहो’ कधी चालू होतो, कधी नाही. चालू झाला तरी जतन केलेला खेळ दुसऱ्या दिवशी नसतो.
— एक वाचक, पणजी

हे दोन वेगळे आजार आहेत.

चालू न होणं म्हणजे नव्वद टक्के वेळा पिनांवरचा मळ, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत तो लवकर धरतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कापसाचा बोळा ओलसर करून पिनांवर वरून खाली फिरवा, आडवा नको. बोळा काळा येईल. येत राहील तोवर बदलत राहा, मग कोरड्या बोळ्याने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. थुंकीच्या ओलाव्याने पिनांवर हिरवट थर चढतो. सँडपेपरही नको. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की गंज कायमचा.

खेळ पुसला जाणं म्हणजे बॅटरी संपली. 1993चा हा रान्माचा आरपीजी, म्हणजे पात्रं घडवत नेण्याचा लांबलचक कथेचा गेम आहे. जतन केलेला खेळ ज्या मेमरीत राहतो ती वीज गेली की रिकामी होते, म्हणून आत सीआर2032 सेल असतो. तीस वर्षांत तो दमणारच. कार्ट्रिजचे स्क्रू खास प्रकारचे असतात, त्यांना 3.8 मिलिमीटरचा गेम-बिट (स्क्रूड्रायव्हरचं खास टोक) लागतो. आतली सर्किटची पाटी बाहेर काढून सेलचं व्होल्टेज मोजा. नव्याचं 3च्या थोडं वर असतं, 2.5च्या खाली गेला असेल तर बदला.

सेल विकत घेताना पाय (धातूच्या पट्ट्या) जोडलेलाच मागा. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, उष्णतेने तो फुगतो, क्वचित फुटतो. जुना काढण्याआधी पाटीवरची धन-ऋण चिन्हं आणि सेलची दिशा यांचा फोटो काढा. 30 ते 40 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, आधी जुन्या सांध्यावर थोडं नवं सोल्डर लावून घ्या म्हणजे जुनं लवकर वितळतं, मग एक पाय मोकळा करा, नंतर दुसरा. पाटीवरचा तांब्याचा गोल उपटेल अशी ओढाताण नको. सेल निघताच असलेले जतन केलेले खेळ जातात. ते हवे असतील तर आधी कार्ट्रिज रीडरने संगणकावर उतरवून घ्या. आणि नवा सेल चिकटपट्टीने बसवून वेळ मारून नेणाऱ्यांचं ऐकू नका. संपर्क केव्हा सुटेल सांगता येत नाही.

याच गेमचा इंग्रजी पॅच लावला, पण पडद्यावर कचरा दिसतो.
— एक वाचक, पुणे

पॅच म्हणजे मूळ गेमच्या फाइलमध्ये भाषांतराचे बदल करणारी छोटी फाइल. आधी गेम फाइलचा आकार बघा. त्याला 1024ने भागा. 512 बाकी उरली, तर फाइलच्या सुरुवातीला 512 बाइटचा जुना हेडर (गेमचा भाग नसलेली जादा माहिती) आहे. उदाहरणार्थ 8 मेगाबिटच्या गेमची फाइल 10,48,576 बाइटची असते, हेडरसह 10,49,088. पॅच हेडर नसलेल्या फाइलसाठी असेल आणि तुमच्या फाइलला हेडर असेल, तर प्रत्येक बदल 512 जागा अलीकडे पडतो आणि अक्षरांच्या जागी ठिपके येतात. आयपीएस प्रकारचा पॅच काहीच तपासत नाही, चुकीच्या फाइलवरही मुकाट्याने लागतो. बीपीएस प्रकारचा आधी तपासतो आणि जुळलं नाही तर नकार देतो.

पॅचसोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये मूळ गेमचा सीआरसी आकडा (फाइल नेमकी तीच आहे का हे पडताळायची खूण) दिलेला असतो, तो जुळवा. हेडर काढा, कोऱ्या प्रतीवर फ्लिप्स या प्रोग्रामने पॅच एकदाच लावा. एकदा बिघडलेल्या फाइलवर पुन्हा लावून ती सुधारत नाही. एमुलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) पॅचआधी जतन केलेल्या सेव्ह-स्टेटवरून खेळ सुरू करू नका, त्यात जुनी अक्षरं मेमरीत बसलेली असतात. मूळ फाइल तुमच्या स्वतःच्या कार्ट्रिजवरूनच काढलेली असावी हेही सांगायला हवं. हीच पद्धत ‘तेन्ची मुयो! गेम हेन’ आणि गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या ‘लव्ह हिना अ‍ॅडव्हान्स’च्या पॅचला लागू आहे, फक्त हेडरची भानगड गेमबॉयच्या फाइलला नाही.

पीसी इंजिनवर आवाजासकट रान्मा आहे असं वाचलं. सीडी घेतली, यंत्र ती वाचत नाही.
— एक वाचक, ठाणे

सीडीमुळेच पीसी इंजिनवरचे गेम मालिकेच्या सर्वांत जवळचे वाटतात. 1990चा ‘रान्मा’ आणि हडसनचा ‘उरुसेई यात्सुरा: स्टे विथ यू’ दोन्ही संवादांनी भरलेले आहेत. त्यामुळे किंचित जपानी येत असेल तर ते जरूर घ्या.

आधी सीडीवरचं चिन्ह बघा. ‘सुपर सीडी-रॉम’ असेल तर 3.0 सिस्टिम कार्ड लागतं. ड्युओ, म्हणजे सीडी-ड्राइव्ह जोडूनच आलेल्या पीसी इंजिनमध्ये, ते आतच असतं. चिन्ह साधं असेल आणि तरीही वाचत नसेल, तर सीडी साध्या ऑडिओ प्लेयरमध्ये घालून फक्त पहिला ट्रॅक वाजवा. इशाऱ्याचा जपानी आवाज स्वच्छ आला तर चकतीचा तो भाग तरी ठीक आहे, शंका यंत्रावर घ्या. दुसरा ट्रॅक वाजवू नका. तो गेमचा डेटा आहे, त्यातून निघणारा कर्कश आवाज स्पीकरला बाधतो.

ड्युओमध्ये पहिला संशय कपॅसिटरवर. ते गळतात, आधी आवाज बारीक होतो, मग गायब होतो, आणि गळालेला द्रव पाटीचं तांबं खातो. आवाज बारीक वाटू लागला की यंत्र वापरणं थांबवा आणि सगळे कपॅसिटर एकदम बदलून घ्या. सीडीच्या गेमला देशाचं कुलूप नाही, त्यामुळे टर्बोड्युओ या ड्युओच्या अमेरिकी रूपावरही जपानी चकती चालते. सेगाच्या मेगा सीडीवरचे रान्माचा ‘ब्याकुरान आइका’ आणि लमचा ‘डियर माय फ्रेंड्स’ यांना मात्र जपानी यंत्रच लागतं.